गाड्या सुसाट जातात, म्हणजे किती?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय व्याख्यानाला साजेसा नाही, असे काहींना वाटेल. रस्त्यावरील एका ठिकाणाहून जाणाऱ्या वाहनांचा वेग कसा मोजावा, एवढाच तो आहे. परंतु हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही, तो आमच्या दारातून आला आहे. व्हीनस चौक, लालचक्की या बाजूला राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सकाळी शाळेची मुले, विठ्ठलवाडी स्टेशनकडे धावणारे नोकरदार, भाजी घेऊन परतणाऱ्या बाया, सगळ्यांना रस्ता ओलांडावाच लागतो. मागे आपल्याच वस्तीतील एका मुलाला मोटारसायकलची धडक बसली. पाय वाचला, पण त्याचे शाळेचे वर्ष गेले. त्यानंतर संस्थेच्या वतीने आम्ही एका कार्यालयास पत्र दिले. पत्रात लिहिले की, सदर रस्त्यावर गाड्या सुसाट जातात, तरी त्वरित गतिरोधक बसविण्यात यावा. पन्नासेक सह्या होत्या. समोरच्या साहेबांनी पत्र वाचले आणि एकच प्रश्न विचारला, "सुसाट म्हणजे किती?"

आम्हांस राग आला. जिन्यावरून उतरताना आमच्यातील एक जण म्हणाले, ह्यांना स्वतः उभे करा त्या रस्त्यावर, म्हणजे कळेल. पण घरी येऊन शांतपणे विचार केला, तेव्हा प्रश्न चुकीचा वाटला नाही. विचारण्याची पद्धत तुसडी असेल, प्रश्न रास्त होता. आम्हांला त्याचे उत्तर देता येत नव्हते.

वेगाचा आकडा का महत्त्वाचा, ते आधी पाहू. गाडी चालविणाऱ्याला समोर मूल दिसले की तो लगेच ब्रेक दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात डोळ्यांनी पाहणे, मेंदूला समजणे, पाय ब्रेकवर जाणे यात वेळ जातो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात त्यासाठी २.५ सेकंद धरतात. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीने तेवढ्यात २१ मीटर अंतर कापलेले असते, आणि ब्रेक लागल्यावर ती आणखी ९ मीटर घसटत जाते. म्हणजे एकूण ३० मीटर. आता वेग दुप्पट, ६० करा. विचाराच्या वेळातच गाडी ४२ मीटर जाते, पुढे ब्रेकचे अंतर ३९ मीटर. एकूण ८० मीटरच्या आसपास. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचे अंतर सुमारे चौपट झाले, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहावीच्या मुलांनी हे गणित घरी करून पाहावे. आमच्या रस्त्यावर ८० मीटर मोकळी नजर कोठेही नाही. एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला उभा टेम्पो.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून ताशी पाच-सात किलोमीटरचा फरक 'एवढ्याशाने काय होते' म्हणून सोडून देता येत नाही.

आता मोजायचे कसे? मूळ तत्त्व सहावीतल्या मुलालाही ठाऊक आहे. अंतर भागिले वेळ. रस्त्यावर दोन रेषा आखायच्या, पहिल्या रेषेवर गाडीचे पुढचे चाक आले की घड्याळ सुरू, दुसऱ्या रेषेवर आले की बंद. मीटर प्रतिसेकंदाला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. रेषांमध्ये ५० मीटर ठेवले तर हिशेब फार सोपा होतो, कारण ५० गुणिले ३.६ म्हणजे १८०. म्हणून १८० ला सेकंदांनी भागायचे. सहा सेकंद लागले तर ३०, पाच लागले तर ३६, चार लागले तर ४५.

वाहतूक अभियांत्रिकीच्या पुस्तकांत वेग ताशी ४० पेक्षा कमी असेल तर २७ मीटर, ४० ते ६५ असेल तर ५४ मीटर आणि त्याहून जास्त असेल तर ८१ मीटर अंतर घ्यावे असे दिलेले आढळते. हे २७ कोठून आले, याचे आम्हांलाही नवल वाटले होते. ते मुळात ८८ फूट. ताशी ६० मैल वेगाची गाडी एका सेकंदात बरोबर ८८ फूट जाते, म्हणून मैलाच्या देशात तो आकडा सोयीचा. आपण तो मीटरमध्ये बदलून वापरत राहिलो. आपली सोय ५० मध्ये आहे.

अंतर लहान का घेऊ नये, हे मात्र नीट समजून घ्या. माणसाचा अंगठा घड्याळाच्या बटणावर ०.२ सेकंदाने सहज चुकतो. अंतर २७ मीटर आहे आणि गाडीला २ सेकंद लागले, तर वेग ४८.६. चूक एका बाजूला झाली आणि १.८ सेकंद नोंदले, तर वेग ५४ दिसेल. दुसऱ्या बाजूला २.२ नोंदले, तर ४४. त्याच गाडीचा वेग अंगठ्यामुळे दहा किलोमीटरने हलला. अंतर दुप्पट केले की ही हालचाल निम्मी होते. उलट अंतर फार लांब घेतले तर मधेच रिक्षा प्रवासी घ्यायला थांबते, कोणी गल्लीत वळते, आणि नोंद वाया जाते.

आता आमची फजिती सांगतो. ती लपविण्यात अर्थ नाही, कारण तुम्हीही त्याच चुका करणार आहात.

पत्राचा तो प्रसंग झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही चार जण वही, खडू आणि मोबाइलमधले घड्याळ घेऊन गेलो. टेप कोणाकडेच नव्हता. आमच्यातील उंच गृहस्थांनी पन्नास पावले टाकली आणि म्हणाले, झाले पन्नास मीटर. पहिल्या रेषेवरच्याने रुमाल हलवायचा, दुसऱ्या रेषेवरच्याने घड्याळ दाबायचे, तिसऱ्याने लिहायचे, चौथ्याने गाडीचा प्रकार सांगायचा. दीड तास बसलो. वहीत आकडे असे आले की आम्हांला आनंदच झाला! साहेबांना दाखवायला यापेक्षा चांगले काय हवे? पत्राचा मसुदा त्याच रात्री तयार झाला.

दोन दिवसांनी बांधकामावर काम करणाऱ्या एका सभासदांचा टेप मिळाला, म्हणून केवळ खात्रीसाठी अंतर पुन्हा मोजले. ते ३८ मीटर भरले. पन्नास पावले म्हणजे पन्नास मीटर नव्हेत, हे प्रत्येक शेतकऱ्याला कळते, आम्हांला कळले नाही. म्हणजे आम्ही ज्या गाडीपुढे ४५ लिहिले होते, तिचा वेग खरा ३४ होता. वहीतील प्रत्येक आकडा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगलेला होता. पत्र गेले असते आणि त्यांनी एकदा टेप लावला असता, तर यापुढे या संस्थेच्या कोणत्याही अर्जावर कोणी विश्वास ठेवला नसता. पाण्याच्या नाही आणि गटाराच्याही नाही.

मग आमच्यात वाद झाला. काहींचे म्हणणे असे की ०.७६ ने गुणून आकडे दुरुस्त करावेत. अंतराची चूक तशी दुरुस्त होते, हे खरे. पण वहीत इतर रोग होते. एक तर आम्ही रस्त्याच्या कडेला वही घेऊन ठळक दिसेल असे उभे होतो. चलान फाडणारे आले समजून गाड्या हळू होत होत्या. एका रिक्षावाल्या दादांनी थांबून विचारलेही, "साहेब, कुठलं खातं?" दुसरे, आमच्यातील तरुण मंडळींनी कर्कश आवाज करणाऱ्या मोटारसायकली तेवढ्या हौसेने टिपल्या आणि निमूट जाणारे टेम्पो सोडून दिले. एका कारणाने वेग खरा होता त्यापेक्षा कमी दिसला, दुसऱ्याने जास्त, आणि किती कमी, किती जास्त ते सांगता येत नाही. ती वही रद्द केली. आज येताना सोबत आणली आहे, पाहून घ्यावी.

वादातील दुसरा मुद्दा अधिक कठीण होता. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "नीट मोजले आणि वेग कमीच निघाला तर? मग आपले तोंड आपणच बंद केले ना?" या प्रश्नावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठरले ते असे की जो आकडा येईल तो द्यायचा. वेग खरोखर कमी निघाला, तर मुलांना धोका कशामुळे आहे हे वेगळे शोधावे लागेल. कदाचित उभ्या गाड्या, कदाचित अंधार, कदाचित पदपथ नसणे. गतिरोधक मागून तो प्रश्न सुटणारही नाही. हे सर्वांना पटले असे आम्ही म्हणणार नाही, परंतु ठरले आहे.

आता पुढची मोजणी कशी करायची ते सांगतो.

अंतर टेपनेच मोजायचे, दोनदा. रेषा पहाटे, रस्ता रिकामा असताना आखायच्या, आणि त्याची कल्पना वाहतूक पोलिसांना आधी द्यायची. मोजणारा तिरक्या नजरेने पाहत असेल तर गाडी रेषेवर आली की नाही हे चुकते. म्हणून प्रत्येक रेषेच्या सरळ समोर, पलीकडच्या बाजूला एखादा खांब किंवा दुकानाच्या शटरची कड धरायची. डोळा, रेषा आणि खांब एका ओळीत आले पाहिजेत. यासाठी एक जुने साधे साधनही आहे, एनोस्कोप. काटकोनातली पेटी आणि तिच्यात ४५ अंशांत बसविलेला आरसा. त्यामुळे एका टोकाला उभा असलेला माणूस दुसऱ्या टोकावरून जाणारी गाडी आरशात पाहू शकतो, आणि रुमालवाल्याची गरज राहत नाही. प्लायवूड आणि आरशाचा तुकडा मिळाला तर आपल्या वस्तीतील कोणीही सुतार ती एका संध्याकाळी करून देईल.

मोबाइलवर चित्रण करूनही मोजता येते. सेकंदाला ३० चित्रे घेतली जात असतील, तर ५० मीटरला १५० चित्रे लागलेल्या गाडीचा वेग ३६. अंगठ्याची चूक त्यात नाही. पण मोबाइल स्थिर पाहिजे, आणि गाड्यांचे नंबर कोठेही लिहायचे किंवा पसरवायचे नाहीत. आपल्याला रस्त्याचा वेग हवा आहे, अमक्याच्या मुलाची मोटारसायकल पकडायची नाही. पोलीस वापरतात ती रडारची बंदूक आपल्याजवळ नाही, तरी तिचे तत्त्व तुम्ही रोज ऐकता. विठ्ठलवाडीला न थांबणारी गाडी भोंगा वाजवीत आली, की पुढून जाताच तिचा सूर एकदम खाली उतरतो. ऑस्ट्रियाच्या डॉप्लरने १८४२ साली हा नियम मांडला, आणि १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइज बॅलॉट यांनी चक्क रेल्वेगाडीत तुतारीवाले बसवून तो तपासला. रडारमध्ये आवाजाच्या ठिकाणी रेडिओ लहरी असतात. बंदूक सरळ न धरता २० अंश तिरकी धरली, तर ५० चा वेग तिला ४७ दिसतो. म्हणजे ही चूक चालकाच्या फायद्याची असते. चलान भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोणती गाडी मोजायची? समोरच्या गाडीच्या मागे अडकलेली नव्हे, मोकळी चाललेली. आवडीनिवडीला जागा नको म्हणून मोकळ्या गाड्यांपैकी दर पाचवी. मोटारसायकल, रिक्षा, मोटार, टेम्पो यांची नोंद वेगळ्या रकान्यात. दिवस साधा हवा. बाजाराचा, सणाचा, पावसाचा नको, आणि १४ एप्रिल तर नकोच, त्या दिवशी रस्त्यावर गाडीपेक्षा माणूस अधिक असतो. सकाळी शाळेच्या वेळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा, कारण रस्ता रिकामा झाला की वेग वाढतो.

किती गाड्या पुरेत? याचेही गणित आहे. गाड्यांच्या वेगातील प्रमाण विचलन ताशी ८ किलोमीटर आहे असे समजा, आणि सरासरी दीड किलोमीटरच्या आतबाहेर बरोबर यावी अशी अपेक्षा आहे. मग १.९६ गुणिले ८, भागिले १.५, आणि त्याचा वर्ग. उत्तर १०९ येते. म्हणून प्रत्येक वेळेला निदान ११० गाड्या. बारावीच्या मुलांनी पुस्तकातील हे सूत्र परीक्षेपलीकडे कोठे उपयोगी पडते, असे विचारले होते. त्यांनी लिहून घ्यावे.

आकडे आल्यावर सगळे जण सरासरी काढतात. सरासरी काढावी, पण तीत एक फसवेपणा आहे. एक गाडी ताशी ६० ने आणि एक ३० ने गेली, तर आपल्या रेषेवर सरासरी ४५ येते. पण त्याच दोन गाड्यांना एक किलोमीटर जायला एक मिनिट आणि दोन मिनिटे लागतात. तीन मिनिटांत दोन किलोमीटर, म्हणजे ४०. एका ठिकाणी मोजलेली सरासरी ही रस्ताभरच्या सरासरीपेक्षा नेहमी थोडी चढी असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी कॅमेरा यंत्रणा आहे, ती दोन ठिकाणांमधील वेळेवरूनही वेग काढते. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे पुन्हा जोर, ही चलाखी तेथे चालत नाही.

आपल्या कामाला सरासरीपेक्षा दुसरा आकडा अधिक उपयोगी आहे. शंभर गाड्यांचे वेग लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत लावा, आणि पंच्याऐंशीव्या क्रमांकावरचा वेग पाहा. शंभरातल्या ८५ गाड्या त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. वेगमर्यादा ठरविताना जगभर हा आकडा पाहतात. सर्वांत मोठा आकडा का नाही? तो एखाद्या माथेफिरूचा असतो, आणि त्याच्यावरून रस्त्याचे मत बनविता येत नाही. मात्र आम्हांला या पद्धतीबद्दल एक शंका आहे, ती बोलून दाखवतो. बहुसंख्य चालकांना जो वेग बरा वाटतो तो योग्य, असे यात गृहीत आहे. पायी चालणाऱ्याला काय वाटते हे त्यात कोठेच येत नाही. म्हणून अलीकडे विचार बदलतो आहे. २०२० सालच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असे म्हटले आहे. आम्ही आमच्या तक्त्यात पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग तर देऊच, शिवाय शंभरात किती गाड्या ३० च्या वर होत्या, हेही देऊ.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे केंद्र सरकार कमाल वेग ठरविते, आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा एखाद्या भागात तो कमी करू शकते. म्हणजे मागणी करण्यास वाव आहे. गतिरोधकाचेही मानक आहे. भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. त्यावरून गाडी ताशी २५ ने सुखाने जाते. हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का, ते वर्तुळाच्या जीवेचे सूत्र वापरून पडताळा. आम्ही पडताळले, जुळतात. आपल्याकडे रात्रीतून डांबराचे जे उंचवटे उभे राहतात, ते यात कोठेच बसत नाहीत. त्यावर गर्भवती बाईची रिक्षा आदळते आणि रुग्णवाहिका अडते. तसला उंचवटा आम्हांला नको आहे, हेही पत्रात लिहिणार आहोत. जाता जाता, ही रस्ते काँग्रेस १९३४ साली स्थापन झाली ती ज्या समितीच्या शिफारशीवरून, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे करारावर ज्यांची सही आहे, तेच.

मोजणीच्या वेळी काही गोष्टी पाळायच्याच आहेत. रस्त्यात उतरायचे नाही. शाळकरी मुलांनी फक्त लिहिण्याचे काम करायचे, तेही कट्ट्यावर किंवा पायरीवर बसून. चालकाने काही विचारले तर खरे सांगायचे, वाद घालायचा नाही. कोणी शिवी दिली तरी उत्तर द्यायचे नाही, वहीत वेळ लिहायची. आणि वहीत खाडाखोड करायची नाही. चुकले तर एक रेघ मारून बाजूला नवा आकडा, म्हणजे काय चुकले होते ते पुढच्याला वाचता येते.

मोजणी येत्या बुधवारी आहे. टेप, खडू, दोन घड्याळे आणि नव्या वह्या संस्थेच्या वाचनालयात ठेवल्या आहेत. प्रत्येक तुकडीत चार जण लागतात. सकाळच्या आणि रात्रीच्या तुकड्या भरल्या आहेत, दुपारच्या तुकडीला अजून दोन जण कमी आहेत. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी मेळावा संपल्यावर टेबलाजवळ यावे, आणि येताना डोक्याला टोपी व पाण्याची बाटली आणावी, तेथे सावली नाही.